घड्याळाला नंबर कुठला?

'घड्याळात सिम कुठे घालायचं?' सेल्युलर स्मार्टवॉच घेतलेल्या किंवा घ्यायला निघालेल्या माणसाचा पहिला प्रश्न बहुतेक हाच असतो. मागोमाग आणखी तीन येतात: नंबर वेगळा मिळतो का, महिन्याला किती पडतात आणि आहे तोच रिचार्ज चालेल का? घड्याळ विकणारं दुकान एक आणि प्लॅन देणारी कंपनी दुसरी, त्यामुळे या प्रश्नांची नीट उत्तरं एका जागी मिळत नाहीत. लोक आधी घड्याळ घेतात, घरी येऊन पेटी उघडतात आणि मग कळतं की आपल्या नंबरावर ही सोय मिळतच नाही. घड्याळ परत करता येत नाही आणि जास्तीचे मोजलेले पैसे वाया जातात. म्हणून या प्रकरणात आपण घड्याळाच्या आधी प्लॅनचा विचार करू, आणि प्लॅनच्याही आधी त्या घड्याळाच्या वापराचा.

१. फोन तुमच्याजवळ कधी नसतो?

बाजारात एकाच घड्याळाचे दोन प्रकार दिसतात. एक फक्त जीपीएस आणि ब्लूटूथवालं, दुसरं सेल्युलर किंवा एलटीई. दिसायला दोन्ही जवळजवळ सारखीच. फरक आतल्या मोबाईल रेडिओचा आणि अर्थातच किमतीचा. ॲपल वॉच सिरीज ९ भारतात आलं तेव्हा लहान आकाराचं जीपीएस मॉडेल ४१,९०० रुपयांना होतं आणि सेल्युलर ५१,९०० रुपयांना. सॅमसंगच्या गॅलक्सी वॉच ६ मध्ये हाच फरक ४,००० रुपयांचा होता. हे जास्तीचे पैसे नेमके कशासाठी, ते आधी समजून घेऊ.

फोन जवळपास असला की घड्याळ ब्लूटूथने त्याच्याशी बोलतं. कॉल आला तर तो फोनवर येतो आणि घड्याळ फक्त ऐकू देतं, बोलू देतं. फोन ब्लूटूथच्या टप्प्यात नसेल तर घड्याळ ओळखीचं वायफाय शोधतं. तेही मिळालं नाही तरच ते स्वतःचा मोबाईल रेडिओ चालू करून टॉवरशी संपर्क साधतं. हा क्रम मुद्दाम असा ठेवलेला आहे, कारण टॉवरशी बोलायला सर्वात जास्त बॅटरी लागते.

म्हणजे फोन दिवसभर तुमच्या खिशात, पर्समध्ये किंवा टेबलावर असेल, तर घड्याळाचा मोबाईल प्लॅन चालूच होत नाही. त्याचे पैसे जातात आणि तो पडून राहतो.

म्हणून पहिलं काम कागदावर करा. फोन जवळ नसतो पण संपर्क हवा असतो, असे तास आठवड्यात किती आणि कुठे, ते लिहून काढा. पहाटे पर्वतीवर किंवा मरीन ड्राइव्हवर धावायला जाता ते तास. सोसायटीच्या तलावाच्या काठावर बसता ते. शेतात फवारणी करताना फोन बांधावर ठेवावा लागतो ते. मुलगी शाळेतून क्लासला जाते आणि तिच्याकडे फोन द्यायचा नसतो, ते. ही यादी कोरी राहिली तर जीपीएसवालं घड्याळ घ्या, हा माझा सरळ सल्ला आहे; उरलेलं प्रकरण वाचायचीही गरज नाही. यादीत काही असेल, तर पुढचा प्रत्येक निर्णय त्याच यादीवरून घ्यायचा.

२. न दिसणारं सिम

बहुतेक नामांकित घड्याळांत सिम घालायला खाचच नसते. तिथे ई-सिम असतं, म्हणजे सर्किटवर कायमची बसवलेली एक बारीक चिप. प्लास्टिकच्या सिममध्ये कंपनीची माहिती आधीच भरलेली येते. ई-सिम कोरं येतं आणि कंपनी ती माहिती इंटरनेटवरून त्यात उतरवते. जगभरच्या मोबाईल कंपन्यांची संघटना, जीएसएमए, हिने त्यासाठी सामाईक नियम ठरवले. त्या नियमांप्रमाणे ई-सिम असलेलं ग्राहकांच्या हातात आलेलं पहिलं उपकरण फोन नव्हता, घड्याळ होतं: २०१६ सालचं सॅमसंगचं गिअर एस२ क्लासिक ३जी. मनगटावर सिमच्या खाचेला जागाच नसल्यामुळे ही गरज आधी घड्याळालाच लागली.

दोन आकडे ओळखून ठेवा. ईआयडी हा ई-सिमचा ३२ आकडी क्रमांक आणि आयएमईआय हा उपकरणाचा १५ आकडी क्रमांक. दोन्ही घड्याळाच्या सेटिंगमध्ये आणि खोक्यावरही असतात. कंपनीच्या गॅलरीत गेलात तर हेच मागतात.

आणखी एक प्रकार भारतात मिळतो. काही स्वस्त घड्याळांत आणि मुलांच्या वॉचमध्ये खरंच नॅनो सिमची खाच असते. फायर-बोल्टने २०२४ च्या सुरुवातीला आणलेलं ड्रीम हे असंच, अँड्रॉइडवर चालणारं आणि ४जी सिम घेणारं. यात कुठल्याही कंपनीचं साधं प्रीपेड सिम चालतं, हा त्याचा फायदा. पण ते सिम म्हणजे स्वतंत्र नंबर. तुमचा फोनचा नंबर त्यावर वाजणार नाही.

३. एक नंबर की दोन?

सगळ्या निवडीचा कणा हाच आहे, त्यामुळे इथे थोडं थांबू.

लँडलाइनच्या काळात अनेक घरांत एक्स्टेन्शन असायचं. नंबर एकच, पण एक फोन दिवाणखान्यात आणि दुसरा आतल्या खोलीत. घंटी दोन्हीकडे वाजायची, जो जवळ असेल तो उचलायचा, आणि बिल एकच यायचं. सेल्युलर घड्याळाचा 'सामाईक नंबर' असाच चालतो. घड्याळातल्या ई-सिमला स्वतःची वेगळी ओळख असते, पण कंपनीच्या संगणकात ती तुमच्या नंबराशी जोडलेली असते. कोणी तुमचा नंबर लावला की फोन आणि घड्याळ दोन्ही वाजतात, मग फोन घरी राहिलेला असो की गाडीत. घड्याळावरून तुम्ही कॉल केला तरी समोरच्याला तुमचा नेहमीचाच नंबर दिसतो.

परदेशात याला प्रत्येक कंपनीचं वेगळं नाव आहे: एटीअँडटीचं नंबरसिंक, टी-मोबाईलचं डिजिट्स, व्होडाफोनचं वननंबर. भारतात ॲपलचं सेल्युलर घड्याळ मे २०१८ मध्ये आलं तेव्हा ही सोय एअरटेल आणि जिओ या दोन कंपन्यांनी दिली; जिओने तिला जिओएव्हरीव्हेअरकनेक्ट असं नाव दिलं.

सामाईक नंबराची एक कडक अट आहे: फोन आणि घड्याळ एकाच कंपनीवर हवेत. फोनचा नंबर एका कंपनीचा आणि घड्याळासाठी दुसरी स्वस्त म्हणून घेतली, हे इथे जमत नाही. म्हणजे 'घड्याळासाठी कुठली कंपनी चांगली' असं विचारण्याआधी 'माझी कंपनी माझ्या घड्याळाला ही सोय देते का' असं विचारायला हवं. घड्याळाच्या मॉडेलचं नाव सांगूनच विचारा. एखादी कंपनी ॲपलच्या घड्याळाला सोय देते म्हणून ती सॅमसंगच्या घड्याळालाही देईल, असं गृहीत धरू नका.

स्वतंत्र नंबर म्हणजे घड्याळाला दुसरं कनेक्शन, दुसरा रिचार्ज आणि लोकांना सांगायला दुसरा नंबर. स्वतः फोन वापरणाऱ्या माणसाला तो सहसा नकोच. तो कोणासाठी योग्य, ते पुढच्या भागात पाहू.

त्याआधी सामाईक नंबराच्या दोन मर्यादा सांगायला हव्यात, कारण त्या जाहिरातीत ठळक नसतात. ॲपलच्या घड्याळावर कॉल स्वतंत्रपणे येतात, पण साधे एसएमएस आणि इतर कंपन्यांच्या ॲपच्या सूचना यायच्या असतील तर घरी ठेवलेला आयफोन चालू आणि नेटवर्कला जोडलेला असावा लागतो. तो जवळ असण्याची गरज नाही, पण बॅटरी संपून बंद पडला असेल तर बँकेचा ओटीपीही घड्याळावर येणार नाही. गूगलच्या वेअर ओएसवर चालणाऱ्या घड्याळांसाठी व्हॉट्सॲपने २०२३ मध्ये वेगळं ॲप आणलं, त्यामुळे तिथे फोन नसतानाही संदेश पाहता येतात. दुसरी मर्यादा पैशांच्या व्यवहाराची. यूपीआय तुमच्या फोनमधल्या सिमला बांधलेलं असतं. फोन घरी ठेवून टेकडीवर गेलात तर उतरताना नारळपाण्यासाठी खिशात नोट हवी.

४. मुलं आणि आई-वडील

ज्याच्याकडे स्वतःचा स्मार्टफोन नाही, त्याच्या घड्याळाला स्वतंत्र नंबर लागतो. शाळेत जाणाऱ्या मुलांचं मुख्य उदाहरण. ॲपलने २०२० मध्ये अशी सोय आणली की पालकांच्या आयफोनवरून मुलाचं किंवा घरातल्या वडीलधाऱ्याचं सेल्युलर घड्याळ चालवता येतं. त्यासाठी घड्याळ सिरीज ४ किंवा त्यापुढचं, किंवा एसई हवं, आणि घड्याळाला स्वतःचा नंबर. घड्याळाचं ही सोय देणं पुरेसं नाही. तुमच्या मोबाईल कंपनीनेही तिला पाठिंबा दिलेला असावा लागतो. गॅलरीत हा प्रश्न वेगळा विचारा.

मुलासाठी कनेक्शन घेताना ते पालकाच्याच नावावर घ्यावं लागतं, आणि ते तुमच्या नावावरच्या कनेक्शनांत मोजलं जातं. एका व्यक्तीच्या नावावर देशात जास्तीत जास्त ९ मोबाईल कनेक्शन ठेवता येतात. जम्मू-काश्मीर, आसाम आणि ईशान्येकडच्या राज्यांत ही मर्यादा ६ आहे. दूरसंचार विभागाच्या संचार साथी संकेतस्थळावर आपल्या नावावर किती नंबर आहेत ते पाहता येतं. नवं घेण्याआधी एकदा बघा. जुने, विसरलेले नंबर तिथे सापडतात.

रिचार्ज निवडताना इथे एक चूक सहज होते. दूरसंचार नियामक ट्रायच्या आदेशानंतर जानेवारी २०२५ पासून कंपन्यांनी फक्त कॉल आणि एसएमएसचे, डेटा नसलेले पॅक आणले. मुलाला तर फक्त फोनच करायचाय, मग हा पॅक पुरे, असं वाटतं. पण मुलगा कुठे आहे हे नकाशावर दिसायला घड्याळाने ते ठिकाण तुमच्या फोनला कळवावं लागतं, आणि त्याला डेटा लागतो. फारच थोडा लागतो, पण शून्यावर काम भागत नाही. म्हणून कमी डेटा आणि जास्त मुदत असलेला पॅक बघा. मुदत महत्त्वाची, कारण रिचार्ज संपल्याचं लक्षात येतं ते मुलाचा फोन लागत नाही तेव्हाच.

आई-वडिलांची गोष्ट जरा वेगळी आहे. समजा, साताऱ्याला राहणाऱ्या आईकडे स्वतःचा स्मार्टफोन आहे, फक्त तो दिवसभर स्वयंपाकघरात चार्जिंगला असतो आणि ती परसात, देवळात, शेजारी फिरत असते. तिला स्वतंत्र नंबर देऊ नका. तिचा नंबर पंधरा वर्षांपासून नातेवाइकांना, डॉक्टरांना, गॅसवाल्याला पाठ आहे. तिचा फोन ज्या कंपनीचा, त्याच कंपनीच्या सामाईक नंबराचं घड्याळ तिला द्या. मग लेकीने फोन केला तर तो परसातही वाजेल, आणि 'अगं, त्या नाही, घड्याळाच्या नंबरावर कर' हे सांगत बसावं लागणार नाही. पडल्याचं ओळखून आपोआप फोन लावण्याची सोय काही घड्याळांत आहे. ॲपलमध्ये ती २०१८ च्या सिरीज ४ पासून आली. पण फोन घरात आणि माणूस अंगणापलीकडे असेल तर तो कॉल जायला घड्याळाचं स्वतःचं नेटवर्कच लागतं. वयस्कर माणसासाठी सेल्युलर घड्याळाचे जास्तीचे पैसे मला सर्वात रास्त वाटतात, ते याच कारणाने.

मात्र आधी तिचा फोन कुठला ते बघा. ॲपल वॉच अँड्रॉइड फोनशी जोडलं जात नाही, आणि गॅलक्सी वॉच ४ पासूनची सॅमसंगची घड्याळं आयफोनशी जोडली जात नाहीत.

५. रेंज: फोनला मिळते म्हणून घड्याळाला मिळेलच असं नाही

लोक प्लॅन निवडताना दर बघतात. मी म्हणेन, आधी रेंज बघा आणि ती घराची नव्हे, तुमच्या यादीतल्या ठिकाणांची.

फोनच्या लांबलचक कडेत दोन-चार अँटेना बसतात. घड्याळात अँटेनाला बोटाच्या पेराएवढी जागा, आणि ती मनगटाला चिकटलेली. शरीरात बरंचसं पाणी असतं आणि पाणी मोबाईलच्या लहरी शोषून घेतं. त्यामुळे फोनवर एक दांडी दिसते अशा जागी घड्याळ गप्प बसू शकतं. पाण्याखाली तर प्रश्नच नाही. घड्याळ पोहताना चालतं याचा अर्थ ते बुडलेल्या हातावर कॉल घेईल असा नाही.

दुसरं कारण आणखी महत्त्वाचं आहे. भारतात ४जी साधारण ८५०, ९००, १८००, २१०० आणि २३०० मेगाहर्ट्झ या पट्ट्यांवर चालतं. कमी आकड्याचा पट्टा लांब जातो आणि भिंतीतून आत शिरतो. जास्त आकड्याचा वेग जास्त देतो, पण लवकर दमतो. तुमच्या घड्याळाचं मॉडेल यातले कुठले पट्टे ऐकतं ते त्याच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं. आपली कंपनी आपल्या भागात ज्या पट्ट्यावर जास्त अवलंबून आहे तो त्यात असायला हवा.

तिसरं कारण घाटमाथ्यावर आणि कोकणात जाणाऱ्यांनी तर पाठच करावं. एअरटेलचा फोन ४जी मिळालं नाही की २जी वर उतरतो आणि बोलणं चालू राहतं. एअरटेलने आपलं ३जी २०२० मध्ये बंद केलं, २जी ठेवलं. ॲपलच्या सेल्युलर घड्याळात मात्र २जी रेडिओच नाही. ते ४जी आणि ३जी जाणतं, नवी मॉडेलं ५जी सुद्धा. म्हणजे गावात फोनवर बोलणं होतं, पण ते २जी वर होत असेल, तर तिथे घड्याळ मुकं राहणार. जिओकडे २जी, ३जी कधी नव्हतंच, तिथे कॉलही ४जी वरूनच जातात, त्यामुळे जिओचा फोन जिथे बोलतो तिथे निदान ४जी तरी आहे हे नक्की. हे तपासणं सोपं आहे. यादीतल्या ठिकाणी जाऊन फोनच्या वरच्या पट्टीत कॉल चालू असताना काय दिसतं ते बघा. ४जी किंवा ५जी टिकून असेल तर आशा आहे. 'ई' किंवा '२जी' आलं, तर त्या जागेसाठी घड्याळाच्या प्लॅनवर पैसे घालू नका. ट्रेकला जाणाऱ्यांना एवढंच सांगतो: सह्याद्रीच्या दरीत घड्याळाच्या भरवशावर फोन खाली गाडीत ठेवून जाऊ नका.

ट्रायच्या २०२४ च्या सेवागुणवत्ता नियमांमुळे कंपन्यांना आपल्या रेंजचे नकाशे संकेतस्थळावर द्यावे लागतात. ते बघा, पण नकाशा बाहेरची, उघड्यावरची रेंज दाखवतो. तुमची व्यायामशाळा तळघरात असेल तर तिथे त्याचा उपयोग नाही. अशा जागी वायफाय असेल तर वायफाय कॉलिंग चालू करून घ्या. एअरटेल आणि जिओ दोघांकडे ते आहे, आणि ओळखीचं वायफाय मिळालं की घड्याळालाही त्यावरून कॉल घेता येतो.

५जी चं काय, असं आता विचारलं जातं. सप्टेंबर २०२५ मध्ये आलेल्या ॲपल वॉच सिरीज ११, एसई ३ आणि अल्ट्रा ३ मध्ये ५जी आहे, पण ते रेडकॅप नावाचं, लहान उपकरणांसाठी मुद्दाम हलकं केलेलं ५जी. ते ४जी च्या आधाराशिवाय उभ्या असलेल्या स्वतंत्र ५जी नेटवर्कवरच चालतं, आणि कंपनीने ते आपल्याकडे चालू केलेलं असावं लागतं. घड्याळावर कॉल घ्यायला आणि गाणी ऐकायला ४जी पुरून उरतं. केवळ ५जी साठी महागडा प्लॅन घेण्याचं कारण नाही.

६. खरा खर्च कसा काढायचा

घड्याळाचा प्लॅन 'मोफत' असं अनेकदा लिहिलेलं असतं. ते खरंही असतं, पण बऱ्याचदा ही सोय पोस्टपेड ग्राहकांनाच मिळते, आणि तुम्ही प्रीपेडवर असलात तर खरा खर्च तिथे दडलेला असतो. एक हिशेब करून बघू. आकडे समजुतीसाठी घेतले आहेत. तुमचे आकडे घालून हाच हिशेब करा.

समजा, सध्या तुम्ही २८ दिवसांचा ३४९ रुपयांचा प्रीपेड रिचार्ज करता. २८ दिवसांचे रिचार्ज वर्षाला १२ नव्हे, १३ लागतात. म्हणजे ४,५३७ रुपये. या किमतीत कर धरलेला असतो.

आता समजा, घड्याळासाठी ४४९ रुपयांच्या पोस्टपेडवर गेलात. जाहिरातीतल्या पोस्टपेडच्या आकड्यावर १८ टक्के जीएसटी वेगळा लागतो. म्हणजे महिन्याला सुमारे ५३० आणि वर्षाला सुमारे ६,३५८ रुपये. घड्याळाची सोय 'मोफत' असूनही वर्षाला १,८२१ रुपये जास्त गेले. घड्याळासाठी दरमहा ९९ रुपये वेगळे लागत असतील, तर करासह वर्षाला आणखी सुमारे १,४०२.

घड्याळ तीन वर्षं वापरलं आणि वेगळं शुल्क नाही असं धरू. सेल्युलर मॉडेलचे जास्तीचे १०,००० आणि पोस्टपेडचे तीन वर्षांचे ५,४६३, मिळून १५,४६३ रुपये. तुम्ही आठवड्यातून चार तास फोनशिवाय धावत असाल तर तीन वर्षांत ६२४ तास झाले, तासाला साधारण २५ रुपये. महिन्यातून एकदाच तासभर जात असाल तर ३६ तास झाले, तासाला जवळजवळ ४३० रुपये. पहिल्या भागातली यादी इतकी महत्त्वाची का, ते इथे दिसतं.

कंपनीने, म्हणजे नोकरी देणाऱ्या कंपनीने दिलेला नंबर असेल तर आणखी एक तपासणी करा. कार्यालयाच्या नावावरच्या कनेक्शनना घड्याळाची सोय अनेकदा लागू नसते. हिंजवडीत किंवा बांद्रा-कुर्ला संकुलात काम करणाऱ्या अनेकांचा मुख्य नंबर असाच असतो. त्यांनी आधी कार्यालयातल्या संबंधित विभागाला विचारावं.

७. डेटा आणि बॅटरी

सामाईक नंबरात घड्याळ सहसा तुमच्याच प्लॅनमधला डेटा खातं. किती? कॉल, संदेश आणि हवामान यांना नगण्य. गाणी ऐकलीत तर हिशेब असा: २५६ किलोबिट दर्जाचं गाणं सेकंदाला ३२ किलोबाइट खेचतं, म्हणजे तासाला सुमारे ११५ एमबी. आठवड्याला चार तास धरले तर महिन्याला साधारण २ जीबी. बहुतेक प्लॅनमध्ये हे सहज मावतं, त्यामुळे घड्याळासाठी जास्त डेटाचा प्लॅन घेऊ नका.

अडचण डेटाची नसून बॅटरीची असते. ॲपल आपल्या बहुतेक घड्याळांचे १८ तास मोजताना त्यातले १४ तास फोनशी ब्लूटूथने जोडलेले आणि फक्त ४ तास मोबाईल नेटवर्कवरचे धरत आलं आहे. सिरीज ३ वर फोनमार्गे बोलायला ३ तास मिळायचे, स्वतःच्या नेटवर्कवर १ तास. नवी घड्याळं सुधारली आहेत, पण प्रमाण विसरू नका. गाणी घरच्या वायफायवर घड्याळात उतरवून ठेवा. कॉलसाठी नेटवर्क तयार राहतं आणि बॅटरी टिकते.

८. अमेरिकेहून आणलेलं घड्याळ

मुलगा न्यू जर्सीहून येताना घड्याळ घेऊन येतो, ते तिथे स्वस्त पडतं. जीपीएसवालं असेल तर निश्चिंत असा. सेल्युलर असेल तर विकत घेण्याआधीच मॉडेल क्रमांक बघायला सांगा. भारतात ४जी चा फार मोठा भार १८०० मेगाहर्ट्झवर आहे आणि अमेरिकी कंपन्या तो पट्टा ४जी साठी वापरत नाहीत. त्यामुळे फक्त अमेरिका खंडासाठी बनलेल्या मॉडेलमध्ये तो नसू शकतो. मग घड्याळ बाकी सगळं करेल, पण इथल्या टॉवरशी धड बोलणार नाही.

उलट दिशेने, तुम्ही भारतातलं घड्याळ घेऊन परदेशी निघालात तर फोनचा रोमिंग पॅक घड्याळालाही लागू होतो असं समजू नका. घड्याळाचं रोमिंग वेगळं विचारून घ्या आणि मिळत नसेल तर घड्याळाचं मोबाईल नेटवर्क निघण्याआधी बंद करा.

९. चालू करताना

ॲपल वॉच असेल तर आयफोनवरच्या वॉच ॲपमध्ये मोबाईल सेवेचा पर्याय असतो. तिथून कंपनीचं पान उघडतं, लॉगिन होतं, ओटीपी येतो आणि ई-सिम आपोआप उतरतं. फोनमध्ये दोन सिम असतील तर घड्याळाला कुठला नंबर जोडायचा ते इथेच नीट निवडा. त्यासाठी फोनमधलं प्लास्टिक सिम ई-सिममध्ये बदलायची गरज नाही. कोणी तसं सुचवलं तर थांबा, कारण सिम बदलल्यावर चोवीस तास एसएमएस बंद राहतात आणि तेवढा वेळ बँकेचे ओटीपी येत नाहीत.

ई-सिमच्या नावाने फसवणूकही होते. 'तुमचं ई-सिम चालू करून देतो' असा फोन येतो आणि एखादी लिंक दाबायला किंवा आलेला कोड सांगायला लावतात. त्यातून तुमचाच नंबर त्यांच्या फोनवर जातो आणि मागोमाग बँक खातं रिकामं होतं. घड्याळाची सोय नेहमी स्वतः, कंपनीच्या अधिकृत ॲपमधून किंवा गॅलरीत बसून सुरू करा. तसं काही घडलंच तर तडक सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर, म्हणजे १९३० वर, फोन करा.

चालू झालं की नाही हे घड्याळावरच कळतं. ॲपल वॉचच्या नियंत्रण पटलावरचं टॉवरचं चिन्ह पांढरं असेल तर प्लॅन चालू आहे, पण घड्याळ सध्या फोनमार्गे किंवा वायफायने जोडलेलं आहे. ते हिरवं झालं की घड्याळ स्वतः टॉवरशी बोलतंय. म्हणून घरात बसून परीक्षा करू नका. फोन चालू ठेवून घरीच सोडा, यादीतल्या पहिल्या रस्त्यावर चालत जा, चिन्ह हिरवं होऊ द्या आणि घरच्यांना फोन करायला सांगा. एकदा तुम्ही लावा, एकदा त्यांनी लावावा. जाणारा कॉल लागतो आणि येणारा लागत नाही, असं झालं तर नंबर नीट जोडला गेलेला नाही. लगेच कंपनीकडे तक्रार नोंदवा.

१०. कंपनी बदलताना, घड्याळ विकताना

घड्याळासाठी नंबर पोर्ट करायचा असेल तर १९०० वर मेसेज पाठवून कोड मिळतो. एकाच परिमंडळात कामाचे ३ दिवस आणि दुसऱ्या परिमंडळात जायचं असेल तर ५ दिवस लागतात. मोबाईलच्या नकाशात मुंबई वेगळं परिमंडळ आहे आणि उरलेला महाराष्ट्र गोव्यासह दुसरं. मुंबईचा नंबर घेऊन पुण्यात स्थायिक झालेल्यांना हे उपयोगी पडतं. सध्याच्या कंपनीत ९० दिवस झालेले असावे लागतात, आणि नुकतंच सिम बदललं असेल तर ७ दिवस कोड मिळत नाही. नंबर पोर्ट झाला की घड्याळावरची जुनी सोय संपते. नव्या कंपनीकडे ती पुन्हा पहिल्यापासून जोडावी लागते.

घड्याळ विकायचं किंवा बदलायचं असेल तर ते फोनपासून तोडताना 'प्लॅन ठेवायचा की काढायचा' असं विचारलं जातं. नवं घड्याळ जोडणार असाल तर ठेवा, विकणार असाल तर काढा. एवढ्यावर बिल थांबलं असं मात्र धरू नका. घड्याळाचं वेगळं शुल्क लागत असेल तर ते कंपनीच्या ॲपमधून किंवा गॅलरीतून बंद करून घ्या आणि पुढच्या महिन्याच्या बिलात ती ओळ गेली आहे का, ते बघा.